निळ्या फितीचे बुडखे

"या यूहान्नुसला, भर उन्हाळ्याच्या सणाला, माझ्या ओसरीवरून अख्खं तळं दिसेल! एक फुटवा जरी आडवा आला, तर मी केर्तूच्या हातची कॉफी पिईन!"

एल्वी पूस्तिनेन हे बोलली ती गावमंडळाच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, आणि केर्तू समोरच किटली घेऊन उभी असताना. केर्तूची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त केर्तूला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तेही झालं!

एल्वीचं घर उतारावर, खाली तळं, आणि मधे भूर्जाची झाडं. गाई होत्या तोवर तिथे कुरण होतं. गाई गेल्या आणि भूर्ज आले, न बोलावलेल्या पाहुण्यांसारखे. तिचा नवरा ताउनो दर वर्षी यंत्राची करवत घेऊन उतारावर जायचा, दिवसभर घुंई-घुंई करायचा आणि पाठ धरून परत यायचा. पुढच्या उन्हाळ्यात एकेका बुडख्याला दहा-दहा फुटवे! झाड कापलं की ते चिडतं, आणि भूर्जासारखं चिडकं झाड दुसरं नाही.

दोन वर्षांपूर्वी रीका आली. जंगल-संशोधन संस्थेतली पोरगी. काटकुळी, अंगात दोघी मावतील एवढा रेनकोट, हातात बाटल्यांची पेटी.

"एल्वीआजी, तुमच्या उतारावर बुरशी लावायची आहे."

"बुरशी? अगं, जन्मभर मी घरातली बुरशी पुसत आले, आणि तू बाटलीत भरून आणतेस?"

"ही आपल्याच रानातली आहे, आजी. जांभळी. झाड कापल्याबरोबर ताज्या बुडख्यावर फवारायची. ती आत शिरते आणि हळूहळू बुडखा खाते. मग फुटवे येतच नाहीत. विष नाही, काही नाही."

रीकाने पुढे बरंच सांगितलं. कशाला काय म्हणतात, का करतात, कसं मोजतात. पण एल्वीची वेलदोड्याची पावबिस्किटं भट्टीत होती, आणि ज्या बाईची पावबिस्किटं भट्टीत असतात तिचा एकच कान माणसांकडे असतो. त्या एका कानात एवढंच शिरलं: साठ बुडख्यांना लाल फीत, तिथे बुरशी. साठ बुडख्यांना निळी फीत, तिथे नुसतं पाणी. पाणी कशाला, ते सांगितलं तेव्हा एल्वी भट्टीचं दार उघडून आत वाकली होती.

आता त्या बुरशीचं मी काय सांगू! असं काम मी तरी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात लाल फितीच्या बुडख्यांना फुटवे आले खरे, पण आजारी माणूस जेवायला बसावा तसे. पानं फिकट, मान खाली. दुसऱ्या उन्हाळ्यात बुडख्यांच्या कडेला जांभळी, चामड्यासारखी सुरकुतलेली किनार आली, आणि बुडख्यांनी हातच टेकले! आवाज नाही, घाई नाही, कुणाला शिवी नाही. आत बसायचं आणि आपलं काम करत राहायचं. एल्वी रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तिला बघायला जायची. लोक नातवंडं बघायला जातात तशी.

"ताउनो, चाळीस वर्षं तू करवतीने गाव उठवलंस! हिच्याकडे बघ! तोंडातून शब्द नाही, आणि काम फत्ते!"

"मी बुरशीच व्हायला हवं होतं," ताउनो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यांत लांब वाक्य.

पण निळ्या फितीकडची बाजू! तिकडे नुसतं जंगल माजलेलं. कमरेएवढे फुटवे, लुसलुशीत, हिरवेगार. ओसरीवरून अर्धं तळं दिसायचं आणि अर्ध्या तळ्याच्या जागी पानांची भिंत. एल्वीला वाटे, पोरीचा हात इकडे चुकला. औषध कमी पडलं असेल, बाटली संपली असेल. सांगायला लाजत असेल बिचारी.

आणि सणाच्या दोन दिवस आधी, बुधवारी, रीकाचा फोन आला.

"आजी, मी शुक्रवारी मोजणीला येते. सणाचा दिवस आहे, पण इलाज नाही. सोमवारी संस्थेची समिती येणार आहे. हे काम पुढे चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तुमच्या उतारावर ठरणार. माझी दोन वर्षं या एका मोजणीवर आहेत, आजी."

एल्वीने फोन ठेवला. समिती येणार! मोठी माणसं येणार, आणि त्यांना काय दिसणार? अर्धा उतार स्वच्छ आणि अर्धा उतार झिपऱ्या सोडलेल्या भुतासारखा! पोरीची दोन वर्षं मातीत!

"माझ्या आवारात?" एल्वी स्वतःशीच म्हणाली. "माझ्या आवारात कुणाची फजिती व्हायची नाही!"

तिने रबरी बूट चढवले, डोक्याला रुमाल बांधला आणि निळ्या बाजूला उतरली. एकेक फुटवा धरायचा, खाली वाकवायचा, कट्! सुरी-कोयता काही नाही. तिच्या आईने शिकवलं होतं, साउनाच्या जुडीसाठी भूर्ज हाताने मोडायचा. कारण हे मोडलेले फुटवे काही ती फेकून देणार नव्हती! बाष्पस्नानाला अंगावर मारायच्या जुड्या यूहान्नुसच्याच दिवसांत बांधतात. पान कोवळं असतं, पण देठ धरून राहतं. आणि बुडख्याच्या फुटव्याला जसं पान असतं तसं मोठ्या झाडाला नसतं. पोरीची अब्रू वाचली, वर गावभर जुड्या! एल्वी स्वतःवरच खूष झाली.

साठच्या साठ बुडखे संध्याकाळच्या कॉफीपर्यंत साफ. गुरुवारी जुड्या बांधल्या, त्रेचाळीस! प्रत्येक जुडीचं बूड सारखं करताना चार बोटं मोजून कापायची. पाच नाहीत, तीन नाहीत, चार. पाच जुड्या घरी ठेवल्या, बाकीच्या अकरा घरांत वाटल्या. केर्तूला सहा दिल्या. प्रेमाने नव्हे, बघून जळावी म्हणून.

शुक्रवारी सकाळी रीका आली. हातात पट्टी, वही, वजनकाटा. एल्वी ओसरीवर हाताची घडी घालून उभी राहिली, शाबासकी घ्यायला.

रीका लाल बाजूला गेली. मोजलं, लिहिलं, हसली. मग निळ्या बाजूला गेली, आणि तिथेच थांबली. मग खाली बसली. मग या बुडख्याकडून त्या बुडख्याकडे पळायला लागली. भाकरी पळवणारं मांजर शोधतात तशी!

"आजी! आजी! निळ्याचं काय झालं?"

"छान दिसतंय ना?"

"एकही फुटवा नाही! पाण्याच्या बुडख्यांना एकही फुटवा नाही! सगळे मोडलेत!" तिने एक मोडका खुंट हातात धरून बघितला. कड फाटलेली, ओरबाडलेली. "मूस! रात्रीत मूस येऊन सगळं खाऊन गेले!"

मूस म्हणजे आमच्या रानातलं घोड्याहून उंच हरीण. त्याला भूर्जाचे फुटवे म्हणजे आपल्याला नवे बटाटे. आणि तेही असंच ओरबाडतं. एल्वीने तोंड उघडलं, पण त्याआधी रीकानेच उडी मारली.

"थांबा! फक्त निळेच खाल्ले! लालच्या चार फुटव्यांना तोंडसुद्धा लावलं नाही! आजी, म्हणजे बुरशी लावलेलं झाड मूस खात नाही! हे अजून कुणालाच माहीत नव्हतं!"

आणि एल्वी "अगं ऐक" म्हणेपर्यंत तिने साहेबांना फोन लावलाही. पलीकडचा आवाज ओसरीपर्यंत येत होता. साहेबांना केवढा आनंद! सोमवारी समितीबरोबर प्राण्यांचे तज्ज्ञही आणतो म्हणाले. तोवर गावच्या शिकाऱ्याकडून मूसच्या खुणा नोंदवून घे म्हणाले.

शिकारी म्हणजे यालमारी. गावच्या शिकारमंडळींचा म्होरक्या, वय सत्तर, एका दिवसात वीस शब्दांपेक्षा जास्त न बोलणारा. तो आला. निळ्या बाजूने सावकाश फिरला. वाकून माती बघितली. लेंड्या शोधल्या. उभा राहिला, पाइप काढला, पाइप ठेवला.

"काय, आजोबा? किती होते?" रीकाने वही उघडून विचारलं.

"एक," यालमारी म्हणाला. "म्हातारी मादी."

"एकटीने एवढं खाल्लं?"

"हं." मग तो ओसरीशी आला आणि एल्वीच्या कानाशी हळूच म्हणाला, "मोठं हुशार जनावर. रबरी बूट घालतं. सदतीस नंबरचे." त्याने एल्वीच्या पायांकडे बघितलं. "काल दोन जुड्या दिल्यास, छान आहेत." आणि तो निघून गेला. वीस शब्द संपले होते.

'पाण्याच्या बुडख्यांना' असं रीका ओरडली होती, ते एल्वीला आता आठवलं. "ताउनो, पाणी कशाला लावतात रे?" तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"बुरशीने किती फरक पडतो ते कळावं म्हणून. नुसत्या पाण्याला किती फुटवे येतात ते मोजायचं, आणि बुरशीला किती ते."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं तिने."

"मग मी मोडत होते तेव्हा बोलला का नाहीस!"

"तू विचारलं नाहीस," ताउनो म्हणाला आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरला.

अशी माणसं! घराला आग लागली तरी विचारल्यावर सांगतील!

एल्वी ओसरीवर आली. रीका पायरीवर बसून लिहीत होती, गाल लाल झालेले. हसत होती. एवढ्या आनंदात पोरगी एल्वीने दोन वर्षांत बघितली नव्हती. गप्प बसलं असतं तर? यालमारी मेला तरी बोलणार नव्हता. ताउनो विचारल्याशिवाय बोलणार नव्हता. पण सोमवारी ते तज्ज्ञ येणार, आणि बुटाची खूण ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. खोटं पोरीच्या नावावर लागलं असतं. एल्वी पूस्तिनेनच्या नावावर नाही, पोरीच्या!

"रीका. ते मूस मी होते."

रीका हसली. मग तिने एल्वीचं तोंड बघितलं आणि हसणं थांबलं.

"मला वाटलं तुझा हात चुकलाय. म्हटलं, समितीपुढे तुझी... म्हणून मी... स्वच्छ केलं."

पोरीने वही मिटली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आणि बोलली ते हळू आवाजात.

"संख्या मिळेल, आजी. मोडलेले खुंट मोजता येतील. पण लांबी? किती वाढले ते दाखवल्याशिवाय बुरशीने काय अडवलं ते कसं दाखवू? सगळंच गेलं."

"लांबी?" एल्वीची मान एकदम वर आली. "लांबी कुठे जाणार? लांबी गावात आहे!"

"गावात?"

"त्रेचाळीस जुड्यांत! एकही फुटवा वाया घालवलेला नाही मी! आणि बुडाला कापलंय ते फक्त चार बोटं. प्रत्येक जुडीला चार!"

रीका उठली. तिने एल्वीचा उजवा हात धरला, चार बोटं जुळवली आणि पट्टी लावली. "सात सेंटिमीटर," ती म्हणाली, आणि वहीत लिहिलं. मग तिने घड्याळ बघितलं आणि किंचाळली, "आजी! चार वाजले! आज यूहान्नुस! साउना तापलेत!"

ताउनोने ट्रॅक्टर काढला, मागे ट्रॉलीत दोघी. तळ्याकाठच्या प्रत्येक साउनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. पहिलं घर केर्तूचं, कारण सहा जुड्या तिच्याकडे.

आता इथे एल्वीचा अभिमान आडवा आला. 'मी चुकले, माझी भेट परत दे' असं केर्तूला म्हणायचं? जीभ झडली असती! म्हणून ती म्हणाली, "संस्थेची तपासणी आहे. जुड्या परत द्या."

"कसली तपासणी?"

"बुरशीची."

केर्तूने किटली खाली आपटली. "बुरशीची? आणि माझा हेइक्की अर्ध्या तासापासून त्याच जुडीने पाठ बडवतोय!" ती साउनाकडे धावली. "हेइक्की! टाक ती! बुरशी आहे तीत! झाडं खाणारी!"

साउनाचं दार उघडलं, टॉमेटोसारखा लाल झालेला तिचा नवरा हेइक्की बाहेर आला, जसा जन्मला तसा, आणि धप्पकन तळ्यात! केर्तू आत पळाली ती फोनकडे. ट्रॅक्टर तिसऱ्या घरी पोचेपर्यंत बातमी अकराही घरांत पोचली होती, आणि वाटेत वाढली होती. संस्थेने जुड्या परत मागवल्या! अंग आधी फिकट होतं, मग जांभळं! हात गळतात! धप्प! धप्प! सगळ्या काठाने पुरुष तळ्यात उड्या घेत होते. हां हां म्हणता पाण्यावर नुसती डोकी, बदकांच्या थव्यासारखी. बायका काठावर पंचे घेऊन ओरडतायत, आणि जुड्या? जुड्या लोक शेकोटीत टाकायला निघाले होते! यूहान्नुसची मोठी शेकोटी तयारच होती!

"आजी, जुड्या जळल्या तर संपलं!" रीका धक्क्याच्या टोकाला धावली. "लोकहो, ऐका! ही बुरशी माणसाला काही करत नाही! तिला ताजा कापलेला जिवंत बुडखा लागतो! ती अंगाला चिकटत नाही, घाई करत नाही, दोन-दोन उन्हाळे एका झाडात बसते. तिच्यासारखी सज्जन बुरशी नाही! रानात ती आधीपासून आहे, तुमच्या सरपणावरसुद्धा!"

"सरपणावरसुद्धा!" पाण्यातून कुणीतरी किंकाळी फोडली, आणि डोकी आणखी आत सरकली.

पोरगी खरं बोलत होती, पण शहराची होती. गाव कुणाचं ऐकणार? एल्वीचं. एल्वी पूस्तिनेन जन्मात कधी चुकली नव्हती, निदान तिने तसं कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि तिकडे हेइक्कीचा भाऊ जुड्या घेऊन शेकोटीकडे निघालाच होता.

एल्वी धक्क्यावर आली. रुमाल सारखा केला.

"जुड्यांत बुरशी नाहीच! त्या पाण्याच्या बुडख्यांच्या आहेत! मोजणीसाठी ठेवलेले फुटवे मी मोडले! समजून न घेता मोडले! पोरीचं काम वाचवायचं तर मला त्या जुड्या परत हव्यात! मी चुकले!"

तळ्यावर आवाज फार लांब जातो. पलीकडच्या काठावर एक कुत्रं भुंकलं.

"काय म्हणालीस?" हेइक्की मानेएवढ्या पाण्यातून ओरडला. "शेवटचं ऐकू आलं नाही!"

"मी चुकले!"

"कोण?"

"मी! एल्वी पूस्तिनेन! चुकले! आता बाहेर ये, मेल्या, निळा पडलास!"

डोकी बाहेर आली. आणि मग गाव असं कामाला लागलं, की मी थक्क झाले. पंचे गुंडाळलेली माणसं धक्क्याच्या फळ्यांवर रांगेने बसली, जुड्या सोडल्या, एकेक फुटवा पट्टीला लावला. "ब्याण्णव!" "एकशे चार!" "हेइक्कीचा, पानं झडलीत, पण काडी शाबूत, अठ्ठ्याऐंशी!" यालमारी प्रत्येक आकडा दोनदा म्हणत होता, म्हणजे त्याने आठवड्याचे शब्द एका दिवसात संपवले. रीका लिहीत होती, प्रत्येकाला चार बोटं मिळवत. सातशे सोळा फुटवे! उतारावरचे मोडके खुंटही मोजले, तेवढेच! दरम्यान केर्तू किटली घेऊन आली, सरळ एल्वीपुढे उभी राहिली आणि कप भरला. बैठकीतली पैज कुणी विसरलं नव्हतं, आणि नंतर मोडले तरी निळ्या बाजूचे फुटवे तळ्याच्या आड आले होते ते आले होते. एल्वीने कप घेतला, सगळ्यांदेखत, शेवटच्या थेंबापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं, पण प्यायली!

सोमवारी समिती आली. रीकाने काही लपवलं नाही, मूससकट सगळं सांगितलं. लाल बाजूला साठ बुडख्यांना एकूण चार फुटवे, हडकुळे. निळ्या बाजूला सातशे सोळा. साहेब आधी गंभीर झाले, मग एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. काम आणखी दोन वर्षं चालू ठेवायचं ठरलं. आणि ऑगस्टपर्यंत एल्वीने साफ केलेल्या बुडख्यांना दुप्पट फुटवे आले. लाल बाजूने तळं चकाकत होतं, आणि निळ्या बाजूला भिंत आणखी दाट. एल्वी ओसरीवर बसून जांभळ्या किनारीकडे बघायची आणि म्हणायची, "काम करावं तर हिनेच." आपण काय केलं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

हिवाळ्यात टपालाने जाड अहवाल आला, आत रीकाची चिठ्ठी: 'आजी, तुमचं नाव छापलंय.' एल्वी मनातल्या मनात फुलली. कृतज्ञतेच्या पानावर असणार! सगळ्यांत वर असणार! तिने ताउनोला चष्मा लावायला लावला.

ताउनोने पानं उलटली. कृतज्ञतेच्या पानावर ट्रॅक्टरबद्दल ताउनो होता. आकडे मोजल्याबद्दल यालमारी होता. कॉफीबद्दल केर्तू होती!

"आणि मी?"

ताउनोने आणखी बरीच पानं उलटली. "सापडलीस. 'प्रयोगाचं नुकसान करणारे घटक.'" त्याने खाकरून वाचलं. "'ए. पूस्तिनेन, मूस, रानउंदीर, गारपीट.'"

एल्वी अहवालावर वाकली.

"माझं नाव पहिलं आहे?" एल्वीने विचारलं.

"पहिलं."

"गारपिटीच्याही आधी?"

"बरंच आधी."

"मग बरोबर आहे," एल्वी म्हणाली, आणि ते पान उघडं ठेवून, केर्तू येईल तेव्हा दिसेल असं, अहवाल खिडकीत उभा करून ठेवला.